मोटारसायकलची घरगुती देखभाल : रविवारचा अर्धा तास



स्मरणिकेत मोटारसायकलवर लेख पाहून काहींना नवल वाटेल. धम्म, चळवळ, शिक्षण या विषयांवर जाणकार मंडळी लिहीत आलीच आहेत आणि त्यांनीच लिहावे. आम्हांस मात्र या वेळी अशा वस्तूबद्दल लिहावयाचे आहे, जी आपल्या वस्तीत बहुतेक दारांपुढे उभी असते आणि जिच्याकडे बंद पडल्याखेरीज कोणी वळून पाहत नाही.

लोणी काळभोर पुण्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर, सोलापूर महामार्गालगत. पहाटेच्या पाळीला हडपसरला जाणारा कामगार, मांजरीला किंवा उरुळी कांचनला कामावर जाणारा भाऊ, कॉलेजला निघालेला मुलगा, शाळेवर जाणाऱ्या शिक्षिका ताई, या सगळ्यांचा दिवस गाडीची किक किंवा बटण दाबण्यापासून सुरू होतो. बस आहे, लोणी स्टेशनला थांबणारी गाडीही आहे. पण पाळीची वेळ आणि बसची वेळ जुळतेच असे नाही. गाडी बंद पडली तर एक खाडा पडतो. हा झाला पैशाचा भाग. दुसरा भाग रस्त्याचा आहे. आपल्याकडे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, त्यामुळे पेट्रोल-डिझेलच्या टँकरची ये-जा दिवसरात्र चालू. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, त्यांतल्या कित्येकांना मागे लाल दिवा नाही. अशा रस्त्यावर ब्रेक अर्धाच लागणारी किंवा चेन लोंबणारी गाडी घेऊन जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभास मानवंदना देण्यासाठी आमच्याकडच्या सात-आठ गाड्या थेऊर, कोलवडी, केसनंद, लोणीकंद अशा मार्गाने निघाल्या होत्या. थेऊरचा पूल ओलांडून थोडे पुढे गेल्यावर एका गाडीची चेन तुटल्यासारखा आवाज आला, मागचे चाक जागीच अडकले आणि गाडी आडवी झाली. रस्त्याला गर्दी असल्यामुळे वेग बेताचा होता, म्हणून कोपर आणि गुडघा खरचटण्यावर भागले. मागे बसलेला पुतण्या उडून बाजूच्या मातीत पडला, त्यालाही फारसे लागले नाही. ती गाडी आमचीच होती, आणि चेन आदल्या रविवारी आम्हीच मोठ्या हौसेने स्वच्छ करून परत बसविली होती. जवळच्या गॅरेजमधल्या पोराने चेन हातात घेऊन पाहिली आणि विचारले, "काका, लॉक कोणी बसवलं?" आम्ही म्हणालो, "आम्हीच." तो म्हणाला, "उलटं बसवलंय."

या लेखाचे मूळ त्या एका शब्दात आहे. घरी देखभाल करावी हे आम्ही सांगणारच आहोत. पण ती माहिती करून घेऊन करावी, आणि कोठे थांबावे तेही कळावे.

आधी चेनचेच पाहू, कारण शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीत सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होते. चेनची दोन टोके एका जोडकडीने जोडलेली असतात आणि त्या कडीवर माशाच्या आकाराची एक छोटी पट्टी खाचेत बसविलेली असते. हिलाच आपण लॉक म्हणतो. या पट्टीचे एक टोक बंद आणि दुसरे चिरलेले असते. बंद टोक नेहमी चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. चेनचा वरचा पदर मागच्या चाकाकडून इंजिनाकडे जातो, म्हणून कडी वरच्या पदरावर असताना बंद टोक पुढे. तीच कडी खालच्या पदरावर आली की बंद टोक मागे दिसेल. असे का? धावत्या चेनला खडा, काटकी किंवा चेनकव्हरची कड घासली तर ती बंद टोकावर घासावी आणि पट्टी खाचेत आणखी घट्ट दाबली जावी. चिरलेले टोक पुढे असेल तर तोच धक्का पट्टीला खाचेतून बाहेर ढकलतो. आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. पट्टी निघाली, कडी निसटली आणि चेन स्प्रॉकेटमध्ये गुंडाळली गेली.

चेनचा सैलपणा मोजण्यासाठी गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद करून उभी करावी. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून चेनला हात लावणे किंवा कापड धरणे याइतका मूर्खपणा दुसरा नाही. चेन आणि दात्यांच्या मध्ये बोट गेले तर ते परत मिळत नाही. खालच्या पदराच्या मध्यभागी बोटाने किंवा काडीने चेन वर-खाली करून पाहावी. बहुतेक लहान गाड्यांत हे अंतर २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे साधारण बोटाच्या दीड-दोन रुंदीइतके असावे. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चेनकव्हरवरील स्टिकरवर मिळतो. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी मोजावे, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत घट्ट आहे, तिथले माप धरावे.

काहींना चेन तारेसारखी ताणून बसविण्याची हौस असते. ती चुकीची. आपण आणि मागे कोणी बसले की मागचे शॉकअप दबते, चाक वर येते आणि चेन आपोआप ताणली जाते. आधीच ताणलेली चेन मग इंजिनाच्या पुढच्या स्प्रॉकेटचा दांडा आणि त्याची बेअरिंग ओढू लागते. सैल चेन निसटते, घट्ट चेन इंजिन खाते.

चेन ताणताना मागच्या ॲक्सलचा मोठा नट आधी सैल करावा. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत. चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा असतात. डावीकडे तिसरी रेघ असेल तर उजवीकडेही तिसरीच हवी, नाहीतर चाक तिरके बसते आणि गाडी एका बाजूला ओढते. शेवटी ॲक्सलचा नट भक्कम आवळावा. त्याला स्प्लिट पिन असेल तर नवी घालावी. हा नट हाताला लागेल इतपतच आवळून गाडी बाहेर काढल्याचे आम्ही पाहिले आहे. तसे करू नये.

आणि इथे एक गोष्ट, जी गॅरेजवालेही घाईत विसरतात. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकले की ब्रेकचा रॉडही ओढला जातो. म्हणजे चेन ताणल्यावर मागचा ब्रेक आपोआप जास्त घट्ट होतो, पाय न ठेवताही लायनर ड्रमला घासत राहतो, ड्रम तापतो आणि अ‍ॅव्हरेज घटते. म्हणून चेन ताणली की ब्रेक पेडलची ढील परत पाहिलीच पाहिजे, आणि ब्रेक दाबताच मागचा लाल दिवा लागतो की नाही तेही.

चेन धुण्यासाठी पूर्वी रॉकेल वापरत. आता रॉकेल सहज मिळत नाही. थोडे डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश चालतो. पेट्रोल वापरू नये, ते पेट घेते. चेन पुसून कोरडी झाल्यावर नव्वद नंबरचे गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने, रोलरच्या फटींत सोडावा आणि उरलेले पुसून घ्यावे. इंजिनातून काढलेले जळके ऑईल चेनला लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यात धातूची बारीक पूड आणि काजळी असते. वंगण म्हणून लावतो आणि कानस म्हणून काम करते. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून पाहावी. अर्धा दाता उघडा दिसत असेल किंवा दाते वाघनखासारखे वाकले असतील, तर गॅरेजवाले ज्याला चेन-सॉकेट म्हणतात तो संच, म्हणजे पुढचे-मागचे दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन, एकदमच बदलावा. नुसती चेन बदलून पैसे वाचत नाहीत, झिजलेले दाते नवी चेन काही महिन्यांत खातात.

ब्रेककडे वळू. ड्रम ब्रेकच्या पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल असावी, त्यापुढे ब्रेक धरू लागावा. रॉडच्या टोकाचा नट अर्ध्या-अर्ध्या फेरीने फिरवावा. त्या नटाला अर्धगोल खाच असते, ती पिनवर नीट बसली पाहिजे. मग चाक हाताने फिरवून ते मोकळे फिरते याची खात्री करावी. बहुतेक गाड्यांच्या ब्रेक प्लेटवर एक खूण आणि ब्रेकच्या हातावर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला, तर लायनर संपले. ही खूण आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे, एकदा विचारून पाहा. लायनर संपल्यावर नट आवळत राहण्यात अर्थ नाही, लायनर बदलावे लागतात. ड्रम उघडला तर आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

२०१९ पासूनच्या सव्वाशे सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, अशी जोड-ब्रेकची व्यवस्था सक्तीची झाली आहे; त्याहून मोठ्या गाड्यांत ए.बी.एस. असते. जोड-ब्रेकची जुळणी जरा वेगळी असते. ती पुस्तिका पाहून करावी किंवा सरळ गॅरेजला द्यावी. डिस्क ब्रेक असेल तर घरी फक्त दोन गोष्टी पाहाव्यात : हँडलजवळच्या डबीतील ब्रेक ऑईल खालच्या रेघेच्या वर आहे का, आणि पॅडवरील खाच अजून दिसते का. डिस्कवर कधीही तेल, ग्रीस किंवा चेनचा स्प्रे उडू देऊ नये. गाडी धुतल्यावर दोन्ही ब्रेक चालता चालता हलके दाबून कोरडे करून घ्यावेत.

हवा. पेट्रोल भरताना हवा भरतोच, असे पुष्कळ लोक म्हणतात. ती भरायची थंड टायरमध्ये, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो. शंभर सी.सी.च्या गाडीला पुढे २५ पौंडांच्या आसपास, मागे एकट्यासाठी २८ ते ३२, आणि मागे कोणी बसणार असेल तर त्याहून बरीच जास्त हवा लागते; नेमका आकडा पुस्तिकेतलाच धरावा. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेरीला दबते आणि सुटते, त्यातून टायर तापतो, पेट्रोल जास्त जाते, आणि खड्ड्यात रिम व टायरच्या मध्ये ट्यूब चिमटून पंक्चर होते. मंडळाने पायाचा एक पंप आणि एक गेज घेऊन विहारात ठेवावा, ही आमची सूचना कार्यकारिणीपुढे आहेच. टायरच्या खाचांच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे असतात. बाहेरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसात तो पाण्यावरून घसरतो. खिळा रुतलेला दिसला तर रस्त्यात ओढून काढू नये, पंक्चरवाल्यापर्यंत तसेच जावे.

आता इंजिन ऑईल. जुन्या मंडळींना राजदूत, लूना आणि बजाज स्कूटरचा काळ आठवेल. त्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून घ्यावे लागे, आणि ते जळून निळा धूर निघे. १९८५ साली हीरो होंडाची सी.डी. १०० ही चार स्ट्रोकची गाडी आली, पुढे बजाजनेही तसल्या गाड्या आणल्या, आणि हळूहळू दोन स्ट्रोकचा जमाना संपला. चार स्ट्रोकच्या गाडीत ऑईल जळत नाही. तेच ऑईल पिस्टनला, गिअरला आणि क्लचला फिरून फिरून वंगण देते. म्हणूनच ते मोजून ठेवावे लागते. शंभर सी.सी.च्या गाडीत ते एक लिटरच्या आसपास असते. त्यातले तीन-चारशे मिलिलिटर कमी झाले तर उरलेल्यावर सगळा भार येतो.

पातळी पाहण्यासाठी गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर उभी करून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तेवढाच वेळ थांबावे, मग काडी पुसून आत घालावी. कित्येक गाड्यांत ही काडी पेच न फिरवता नुसती टेकवूनच पाहायची असते. पेच आवळून पाहिले तर पातळी खरी असते त्याहून जास्त दिसते. काही गाड्यांना काडीऐवजी काचेची खिडकी असते. ऑईल घेताना डब्यावर मोटारसायकलसाठीची जे.ए.एस.ओ. एम.ए. किंवा एम.ए.-२ ही खूण पाहावी. आपल्या मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला असतो. कारच्या कित्येक ऑईलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती क्लचप्लेटला मिळाली की क्लच घसरू लागतो, इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही. ओळखीच्या कारवाल्याकडे उरलेले ऑईल फुकट मिळते, म्हणून घालणारे आम्हांस ठाऊक आहेत.

ऑईल बदलणे घरी होण्यासारखे काम आहे. इंजिन कोमट असताना खालचा बोल्ट काढावा, ऑईल टोपलीत घ्यावे, बोल्टखालचा वॉशर पाहून परत लावावा, आणि पुस्तिकेत दिलेले माप ओतावे. विद्यार्थ्यांसाठी एक सांगावेसे वाटते. शाळेत तरफ शिकविली जाते, ती इथे हातात येते. पाना जितका लांब तितका जोर जास्त. इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचा. पान्याला पाइप अडकवून आवळला की पोलाद टिकते आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. मग शंभर रुपयांचे काम हजारावर जाते. स्पार्क प्लगचेही तसेच : पहिले आटे हातानेच फिरवावेत, प्लग बसल्यावर पान्याने थोडाच आवळावा.

प्लगवरून इंजिनाची तब्येत कळते. टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे बहुधा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळे असेल तर ऑईल वर येत आहे, तेव्हा गॅरेज गाठावे. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर धुता येतो. कोरड्या कागदाचा असेल तर हलक्या हवेने झटकता येतो. पण आजच्या पुष्कळ गाड्यांत तेल लावलेल्या कागदाचा फिल्टर असतो, तो धुवायचाही नाही आणि फुंकायचाही नाही, मुदत झाली की बदलायचा. आपल्याकडची धूळ पाहता ती मुदत थोडी अलीकडेच धरावी.

बॅटरी, केबल आणि दिवे यांचे थोडक्यात. बॅटरीचा टर्मिनल काढताना आधी उणे आणि लावताना शेवटी उणे. पांढरी बुरशी पुसून पेट्रोलियम जेली लावावी. सीलबंद बॅटरीत पाणी घालू नये. क्लचच्या किंवा ब्रेकच्या केबलची एक जरी तार तुटलेली दिसली, तर ती केबल त्याच आठवड्यात बदलावी. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करावी आणि ब्रेक दाबावा. भिंत लाल झाली तर दिवा चालू आहे.

१ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ च्या गाड्या आल्या आणि कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. त्यामुळे घरी करण्यासारखे एक काम, कार्ब्युरेटर साफ करणे, संपले. चोकही गेला. पण दोन पथ्ये वाढली. पेट्रोलचा पंप बहुतेक गाड्यांत टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलमध्येच थंड राहतो. म्हणून टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी ओढू नये. आणि बॅटरी अगदीच मेली तर हा पंप चालत नाही, मग कितीही ढकलली तरी गाडी सुरू होईलच असे नाही. धुताना वायरींच्या जोडांवर जोराचा फवारा मारू नये.

पेट्रोलही बदलले आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. जी गाडी रोज चालते तिला याचा फारसा त्रास नाही. पण परीक्षेच्या काळात किंवा सुटीत महिना-दोन महिने उभी राहणारी जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून राहत नाही. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर पाहावे. जुन्या गाडीचा पेट्रोलचा रबरी पाइप कडक झाला किंवा भेगाळला असेल, तर तो लगेच बदलावा.

स्कूटर चालविणाऱ्या आमच्या भगिनींना वाटेल की चेनचे एवढे पुराण आपल्याला काय कामाचे. खरे आहे, गिअर नसलेल्या स्कूटरला चेन नसून आत बेल्ट असतो आणि तो घरी उघडण्याची गोष्ट नाही. हवा, ब्रेक, दिवे, ऑईलची पातळी मात्र तितकीच लागू. फक्त ऑईल घेताना स्कूटरसाठीचे एम.बी. घेतले तरी चालते, कारण तिचा क्लच ऑईलात नसतो. गेल्या वर्षी विहाराच्या अंगणात आम्ही चेन कशी पाहावी हे दाखवीत होतो, तेव्हा सर्वांत नीट माप घेतले ते बारावीच्या एका मुलीने. मुलगे मोबाईलमध्ये होते.

त्याच दिवशी एका विद्यार्थ्याची आई त्याला ओरडली, "इंजिनीअरिंगला घातलंय ना तुला? मग हात कशाला काळे करतोस?" आम्ही त्या माउलीला दोष देत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांवर जे काम होते, ते त्यांनी निवडलेले नव्हते. गावाने लादलेले होते. ते हात स्वच्छ व्हावेत म्हणून त्यांनी पोरांना शाळेत घातले. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. कोणते काम कोणी करावे हे जन्मावर ठरणे, हा तो रोग. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाकडे लक्ष दिले, तेही आठवावे. पाना हातात घेऊन स्वतःच्या गाडीचे स्वतः करणारा मुलगा आजोबांच्या कामाकडे परत जात नाही. आम्ही त्या आईंना एवढेच म्हणालो, "ताई, साबण आमच्याकडे आहे." त्या हसल्या, आणि पोरगा परत चेनकडे वळला.

घरी काय करू नये तेही लिहितो. डिस्क ब्रेकचे ऑईल बदलणे, पुढचे शॉकअप, चाकाच्या आणि हँडलच्या बेअरिंग, टॅपेट, इंजेक्शनची वायरिंग, यांना अनुभवी हात आणि योग्य हत्यार लागते. नवी गाडी असेल तर मोफत सर्व्हिसिंग चुकवू नये, वॉरंटी त्यावर असते. गॅरेजला गेल्यावरही शेजारी उभे राहून पाहावे, विचारावे. चांगला मिस्त्री सांगतो.

आणि जळक्या ऑईलचे. आपल्या गावाजवळून मुठा उजवा कालवा जातो, त्याचे पाणी पुढे दौंड-इंदापूरपर्यंत शेताला लागते. ऑईल बदलल्यावर ते गटारात, कालव्याच्या कडेला किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतण्याची सवय पुष्कळांना आहे. वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते, ते मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षे राहते. विहाराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत झाकणाचा वीस लिटरचा कॅन ठेवला आहे. ऑईल त्यात आणून ओतावे. कॅन भरला की पुनर्वापरासाठी ऑईल गोळा करणाऱ्याकडे देण्याची व्यवस्था केली आहे. कॅनवर पेट्रोल, पाणी किंवा ब्रेक ऑईल मिसळू नये असे लिहून चिकटविले आहे. रविवारी वंदना झाल्यावर साधारण साडेआठ ते साडेनऊ आम्ही अंगणात असतो. येताना गाडीची पुस्तिका आणि एक जुने फडके आणावे, पाने आमच्याकडे आहेत.